रडक्या पुस्तकांचा आवाज

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर एक माणूस बसून रडत होता. रडत होता म्हणजे नुसता डोळे टिपत होता असं नाही हं. चांगला खांदे हलवून, कानाला हेडफोन लावून, मांडीवर जेवणाचा डबा उघडा ठेवून रडत होता. घास हातातच राहिला होता.

ती जिना चढून वर येत होती. तिला वाटलं, याच्या घरून काहीतरी वाईट बातमी आली असणार. तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढे धरली.

"पाणी घ्या थोडं. काय झालं? कोणी... गेलं का?"

त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "मुलगी गेली."

"अरे देवा! केवढी होती?"

"नऊ वर्षांची. चौदाव्या प्रकरणात."

तिनं बाटली मागे घेतली. "होडीवाल्याची नात ना? तापानं जाते ती?"

"हो! तुम्ही वाचलंय?"

"वाचलंय. सोळाव्यात होडीवालाही जातो."

"अहो, सांगू नका ना!" तो जवळजवळ ओरडलाच. आणि मग एकदम गप्प होऊन तिच्याकडे बघत राहिला — एका कानात हेडफोन, दुसरा कान मोकळा. "थांबा... हा आवाज... अहो, हा तर तुमचाच आवाज आहे!"

"माझाच आहे. जेवून घ्या," ती म्हणाली आणि वर निघून गेली. वळणावर गेल्यावर मात्र तिला हसू आलं. खूप दिवसांनी आलं होतं.

आता हे ठिकाण कसलं होतं, ते सांगायला हवं. ज्यांना दिसत नाही अशा माणसांसाठी इथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. दोन खोल्या, मध्ये जाड काच. अलीकडे वाचणारा, पलीकडे यंत्रावर बसणारा. आणि सगळ्यात जास्त मागणी कशाला असेल? तुम्हाला वाटेल, उपयोगाच्या पुस्तकांना, ज्ञानाच्या. छे! मागणी रडक्या पुस्तकांना. संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाई म्हणायच्या, "दिसत नसलं तरी डोळ्यांचं हे एक काम चालू राहतंच की."

पण रडकी पुस्तकं वाचायची कोणी? एक निवृत्त बँक अधिकारी यायचे, ते आजारपणाचं पान आलं की चष्मा पुसायला लागायचे. एक नाटकातला नट होता, तो इतका गहिवरायचा की ऐकणारे तक्रार करत, 'मेलं कोण, तेच कळलं नाही!' तेव्हा पोर जाऊ दे, घर जळू दे, म्हातारी वाट बघत बसू दे, सगळं हिच्याकडे यायचं. सहा वर्षं ती वाचत होती. शब्द स्पष्ट, गती एकसारखी, आवाज कोरडा ठणठणीत. पाठीमागे सगळे तिला 'खडक' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि तिनं कधी कुणाला विचारलं नाही की का म्हणता.

जिन्यावरचा तो माणूस म्हणजे नवा ध्वनिमुद्रक. आधीचे गृहस्थ निवृत्त झाले होते, आणि काम समजून घ्यायला हा जुनी पुस्तकं ऐकत बसला होता. काम तसं सरळ होतं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला आपल्या टेबलावरच्या छोट्या माइकमध्ये प्रकरणाचा आणि पानाचा आकडा सांगायचा, तो माइक बंद करायचा, मग ती वाचणार. नंतर बसून खोकला, पानांची फडफड, मध्येच लांबलेली शांतता, सगळं कापून टाकायचं. शेवटी एकदा पूर्ण ऐकायचं आणि मगच लोकांकडे पाठवायचं.

सरळ काम, पण हा पडला रडका. ती इकडे वाचत असायची, आणि काचेपलीकडे त्याचा रुमाल निघायचा. दुसऱ्या आठवड्यात तिनं त्याचं नाव टिपकागद ठेवलं.

"टिपकागद? का बरं?"

"कुठे थेंब पडला की आधी तुम्ही ओले."

"खरंय," तो अजिबात न चिडता म्हणाला. "बहिणीच्या लग्नात मी नवरीपेक्षा जास्त रडलो. फोटोवाल्यानं माझेच फोटो जास्त काढलेत. बहीण अजून तोंडभरून शिव्या देते."

अशा गप्पा व्हायच्या त्या पावसामुळे. जिन्यावर पत्रा होता. सर आली की पत्रा असा वाजायचा की माइकमध्ये उतरायचा, आणि मुद्रण थांबवावं लागायचं. मग ती काचेच्या अलीकडे पुस्तकात बोट घालून बसायची, तो दारात येऊन उभा राहायचा. त्या वर्षी पाऊस बराच पडला. मोठ्या बाई हवामानाला नावं ठेवायच्या. या दोघांची काही तक्रार नव्हती.

"एक विचारू?" एकदा ती म्हणाली. "इथे सगळे मला ताई म्हणतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत, तेही म्हणतात. तुम्ही तेवढे काहीच म्हणत नाही. नुसतं 'ऐका ना' नाहीतर 'अहो'."

"ताई म्हणणं... मला नाही जमायचं."

"का?"

तो दाराच्या कडीशी खेळत राहिला. तिनं मान वर करून पाहिलं, त्यानं पाहिलं, आणि मग दोघंही भलतीकडेच बघायला लागली.

"पाऊस थांबला वाटतं," तो म्हणाला. "सुरू करू या."

तिसऱ्याच ओळीला ती अडखळली. सहा वर्षांत पहिल्यांदा. काचेपलीकडून त्यानं खूण केली, पुन्हा घेऊ? तिनं मान हलवली, आणि कान लाल झाले ते दिसू नयेत म्हणून केस पुढे ओढले.

आणि मग ते घड्याळजीचं पुस्तक आलं. एक घड्याळं दुरुस्त करणारा बाप, त्याची एकुलती मुलगी. मुलगी रुसून दूर निघून जाते, बऱ्याच वर्षांनी परत येते, तोवर बापाची आठवण गेलेली. शेवटच्या प्रकरणात ती त्याच्यासमोर बसते आणि तो तिला गिऱ्हाईक समजून विचारतो, 'घड्याळ कधी बंद पडलं?' ज्यांनी ज्यांनी वाचलं, त्यांनी म्हणे उशा भिजवल्या.

तिनं ते प्रकरण एका बैठकीत वाचलं. बत्तीस पानं. एकही ओळ पुन्हा घ्यावी लागली नाही. वाचून झालं तेव्हा काचेपलीकडे तो टेबलावर डोकं ठेवून बसला होता. तिनं पुस्तक मिटलं, काचेवर टकटक केलं आणि घरी गेली.

आता त्याची चूक सांगते. ते प्रकरण पुन्हा ऐकायची त्याला हिंमतच झाली नाही. उद्या ऐकू, परवा ऐकू करत आठवडा गेला, मोठ्या बाईंनी घाई केली, आणि त्या पठ्ठ्यानं न कापता, न ऐकता ते तसंच पाठवून दिलं. सुरुवातीला आकडा सांगितल्यावर टेबलावरचा माइक बंद करायचा राहिला होता, हे त्याच्या गावीही नव्हतं.

चार दिवसांत फोन सुरू झाले. त्यातला एक गुरुजींचा. हे एक निवृत्त शिक्षक, नजर जाऊन आठ वर्षं झालेली. प्रत्येक पुस्तक ऐकायचे आणि प्रत्येक पुस्तकात चूक काढायचे.

"बाई, आज चूक काढायला फोन नाही केला," ते तिला म्हणाले. "शेवटी ती मुलगी हाक मारते ना... तिथे तुम्ही थांबलात. आणि तो हुंदका... मी यंत्र बंद केलं आणि माझ्या मुलीला फोन लावला. तीन वर्षं बोललो नव्हतो आम्ही."

तिला काही कळेना. मोठ्या बाईंनी तर तिला जवळच घेतलं. "अगं, खडकाला पाझर फुटला गं! मला वाटलंच होतं, कधीतरी फुटणार. आता पुढची सगळी अशीच वाच बाई."

तिनं तिथेच हेडफोन कानाला लावले. शेवटची पानं. तिचा आवाज, आणि त्याच्यामागे, जरा लांबून आल्यासारखा, एक दाबलेला हुंदका. तो तिचा नव्हता. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तिला रागही आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. लोकांनी इतकी वर्षं जिच्या रडण्याची वाट पाहिली, तिच्या नावावर अखेर जमा झालं ते दुसऱ्याचं रडणं.

"तुमचा माइक चालू होता," ती त्याच्या दारात जाऊन म्हणाली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी आत्ता बाईंना सांगून येतो."

"वेडे आहात का? अजून नोकरी पक्की झाली नाही तुमची."

"म्हणून काय तुमच्या नावावर खोटं चालू द्यायचं?" तो म्हणाला, आणि गेलासुद्धा.

पाच मिनिटं आतून मोठ्या बाईंचा आवाज येत होता. 'कान काय गहाण टाकले होते?' एवढं तर तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. तो बाहेर आला. नोकरी राहिली होती. उद्या ते प्रकरण नव्यानं, स्वच्छ मुद्रित करायचं, आणि पुन्हा असं झालं तर घरी बसायचं.

ती जिन्यावर थांबली होती. तो दोन पायऱ्या सोडून बसला.

"ऐका ना. आज ओरडा खाल्लाच आहे, तर आणखी एक सांगून टाकतो. तुम्हाला राग आला तर एकाच दिवसात सगळं उरकेल."

"सांगा."

"मला तुमच्याशी लग्न करायचंय."

तिला राग आला नाही. तिला तो आवडत होता. पत्रा वाजायला लागला की तिचं मन आधी दाराकडे जायचं, हे तिनं केव्हाच स्वतःशी कबूल केलं होतं. म्हणूनच तिला खरं सांगणं भाग होतं.

"माझ्या बाबांची नजर मी शाळेत असतानाच गेली," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवायचे. रडकं काही आलं की मला वाचवेना. मग ते म्हणायचे, 'अगं, तूच रडत बसलीस तर पुढे काय झालं ते मला कोण सांगणार? आधी वाच. मग दोघं मिळून रडू.' आणि खरंच, पुस्तक संपलं की आम्ही दोघं बसून रडायचो. आई म्हणायची, काय वेड्यांचा बाजार आहे."

तिनं पिशवी मांडीवर घेतली.

"दोन वर्षांपूर्वी ते आजारी होते. दुपारी मी वाचत होते, त्यांचा हात माझ्या हातात. मध्येच तो हात... सैल पडला. मला कळलं. मला लगेच कळलं हो. पण चार पानं राहिली होती. मी ती वाचली. सगळी वाचली, आणि मग आईला हाक मारली." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, कोरडा, एकसारखा. "त्या दिवशी नाही रडले. नंतरही नाही. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, बापाचं एवढं प्रेम, आणि पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही. खोटं नव्हतं ते. आई अजून स्वयंपाकघराचं दार लावून रडते. मी बाहेर बसून ऐकते."

"पण याचा अर्थ..."

"याचा अर्थ माझ्यात काहीतरी मेलंय. ज्या बाईला स्वतःच्या बापासाठी रडता येत नाही, ती उद्या तुमच्यावर काय माया करणार? तुम्ही चांगले आहात. माझ्या भरवशावर घर मांडू नका."

ती उठून गेली. जिन्यावर तो बराच वेळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी ती ठरल्या वेळेला आली. येताना सारखं वाटत होतं, तो रजा टाकेल. तो आपल्या खोलीच्या दारात उभा होता. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"आधी इकडे या. माझ्या बाजूला."

सहा वर्षांत ती काचेच्या त्या बाजूला कधी बसली नव्हती. पडद्यावर तिचा आवाज दिसत होता. बोललेलं असेल तिथे रेघ दाट, वरखाली. गप्प असेल तिथे सपाट.

"तुमच्या वाचनात जास्तीची शांतता आली की ती मी कापतो," तो म्हणाला. "आल्यापासून कापतोय. एका शब्दाच्या आधी नेहमी कापावं लागतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, असते एकेकाची सवय. काल तुम्ही सांगितलंत, आणि आज पहाटेच येऊन मी यंत्रात साठवलेली, न कापलेली सगळी मुद्रणं उघडली. हे बघा. 'आई'... लगेच म्हटलंय. 'आजोबा'... लगेच. आणि हे, 'बाबा'."

शब्दाच्या आधी सपाट रेघ होती. बोटभर.

"हे दुसरं पुस्तक. 'बाबा'. हे तिसरं. हे होडीवाल्याचं." प्रत्येक ठिकाणी तीच सपाट रेघ. "आता हे पाच वर्षांपूर्वीचं. 'बाबा'... कुठेही न थांबता. हे तीन वर्षांपूर्वीचं... न थांबता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळे सरळ. त्यानंतर एकही 'बाबा' असा नाही की ज्याच्या आधी तुम्ही थांबला नाहीत. एकही नाही. आधीच्या गृहस्थांनी ते कापलं, नंतर मी कापलं. मग ऐकू कुणाला जाणार? तुम्हालासुद्धा गेलं नाही."

ती पडद्याकडे बघत होती.

"घड्याळजीचं शेवटचं प्रकरण तेवढं न कापता गेलं," तो हळू म्हणाला. "गुरुजींनी ते ऐकलं. हुंदका माझा होता... पण थांबणं तुमचं होतं. मीसुद्धा पुस्तकाला नव्हतो रडत त्या दिवशी. त्या थांबण्याला रडत होतो."

"लावा ते," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."

त्यानं लावलं. तिनं स्वतःचाच आवाज ऐकला. घड्याळजीची मुलगी बापासमोर बसलेली, तो विचारतो आहे, घड्याळ कधी बंद पडलं, आणि मुलगी म्हणते, 'मी आहे ना...' आणि मग काहीच नाही. नुसती शांतता. कुणीतरी श्वास धरून उंबऱ्यावर उभं राहिल्यासारखी. मग अगदी हळू, 'बाबा'.

आणि तिला रडू फुटलं. आधी आवाजच फुटेना, नुसतीच ती वाकली, टेबलाची कड घट्ट धरून. आणि मग ती रडली. बाबा, बाबा म्हणत, नाक वाहेपर्यंत, उचकी लागेपर्यंत रडली. ती चार पानं का वाचली मी, तुम्हाला ऐकूसुद्धा येत नव्हती, असं कायकाय म्हणत राहिली. दोन वर्षांचं होतं, आवरणार कसं?

तो 'रडू नका' म्हणाला नाही. पाठीवर हात ठेवून बसला. आणि नवल म्हणजे, साध्या पोस्टमनच्या बदलीलाही रडणारा हा माणूस त्या वेळी रडला नाही. त्यानं फक्त एक केलं. हात लांब करून दारावरचा लाल दिवा लावला. तो लागला की मुद्रण चालू आहे असं समजून कोणी आत येत नसे.

मोठ्या बाई पाऊण तास बाहेर थांबल्या. शेवटी न राहवून त्यांनी दार किलकिलं केलं. तिचा चेहरा पाहिला, त्याचा हात पाहिला, आणि काय समजायचं ते समजल्या.

"प्रकरण उद्या घ्या," त्या म्हणाल्या. "लोक थांबतील एक दिवस." आणि दार ओढून घेतलं.

तिनं तोंड धुतलं. नाक लाल, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. ती जिन्यावर आली तेव्हा तो तिची पिशवी घेऊन मागे आला. बाहेर पावसाचा टिपूसही नव्हता.

"काल तुम्ही जे विचारलंत..." ती म्हणाली.

"हं?"

"ते घरी येऊन विचारा. आईसमोर."

त्याच्या हातातून पिशवी सुटायचीच राहिली. "आत्ता येऊ? लगेच येतो. दाढी करून येतो."

"आज नको." तिचे डोळे पुन्हा भरून आले, आणि या वेळी तिनं ते पुसले नाहीत. "आज मला आईजवळ बसून रडायचंय. दोन वर्षं ती एकटीच रडतेय बिचारी. मी बाहेर बसून राहिले. आज जाऊन ते दार वाजवते."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "बरं. उद्या... किती वाजता येऊ?"

"सहाला ये," ती म्हणाली, आणि भराभर जिना उतरून घरी निघाली.